पत्रा, ठोकळा आणि मधली बिजागरी

[दृश्य: कुपवाड एमआयडीसी, सांगली. अर्धी झालेली उसाची ट्रॉली. वेल्डिंगच्या ठिणग्या.]

सहा मिलिमीटरचा पत्रा आणि त्याला टेकलेलं जाडजूड ब्रॅकेट. वेल्डरने टाका मारला की सांधा झाला. शेजारच्या खोलीत, संगणकावर, ट्रॉलीचं मॉडेल करून ती कुठे तुटेल हे तपासतात. तिथे हाच सांधा घाम काढतो.

[दृश्य: पडद्यावर मेश, म्हणजे छोट्या तुकड्यांत विभागलेलं मॉडेल.]

अख्खा पत्रा सॉलिड एलिमेंटने, म्हणजे भरीव तुकड्यांनी, भरणं परवडत नाही. जाडीतच दोन-तीन थर लागतात, मग लांबी-रुंदीचे तुकडेही तेवढेच बारीक करावे लागतात. म्हणून पत्रा शेलचा. चित्रात नुसता मधला पृष्ठभाग, जाडी आकड्यात. ब्रॅकेट मात्र सॉलिड.

गोम इथेच आहे. शेलच्या नोडला, म्हणजे तुकड्याच्या कोपऱ्यातल्या बिंदूला, सहा हालचाली: तीन सरकण्याच्या, तीन वळण्याच्या. सॉलिडच्या नोडला फक्त सरकता येतं. एका रेषेवर दोघांचे नोड एक केले, तरी पत्र्याचं वळणं पलीकडे पोहोचत नाही. झाली बिजागरी.

कागदावर करून बघू. ३०० मिलिमीटर लांब, १०० रुंद पट्टी. एक टोक सॉलिड ठोकळ्याला पक्कं, दुसऱ्यावर १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो. हाताने काढलं तर टोक अडीच मिलिमीटर खाली येतं, मुळाशी ताण ५० मेगापास्कल. मॉडेलमध्ये मात्र पट्टी मोकळीच फिरते. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, ‘मॅट्रिक्स सिंग्युलर’ (समीकरणांना एकच असं उत्तर नाही) म्हणून थांबतो. थांबला तर नशीब म्हणायचं! चॅसीत, म्हणजे ट्रॉलीच्या सांगाड्यात, पत्र्याला दुसरीकडूनही आधार असतो. तिथे सॉल्व्हर बिनतक्रार उत्तर देतो आणि या सांध्यावर मोमेंट (वाकवणारा जोर) शून्य दाखवतो. तडा जायचा तिथेच चित्र निळंशार, म्हणजे ताण कमी.

यावर उपाय? पत्र्याच्या शेल-तुकड्यांची एक ओळ ठोकळ्यात घुसवायची, ही जुनी युक्ती. पण किती आत नेला यावर सांध्याचा कडकपणा बदलतो. ढोबळ अंदाजापुरतीच ती बरी. त्यापेक्षा बंधन-समीकरणं चांगली. शेलच्या कडेचं वळणं समोरच्या सॉलिडच्या जाडीतल्या नोडच्या सरकण्याशी गणिताने बांधायचं. मोठ्या सॉफ्टवेअर पॅकेजांत ही सोय तयार मिळते.

तरीही जोडरेषेलगतचा ताण खरा धरायचा नाही. म्हणून ती रेषा वेल्डवर नकोच. वेल्ड आणि पुढचा थोडा पत्रा सॉलिडमध्येच घ्यायचा. जाडीच्या चार-पाच पट लांब गेल्यावर शेल सुरू करायचा.

[दृश्य: वेल्डच्या कडेचा क्लोज-अप.]

वेल्डच्या कडेवर आणखी एक फसवणूक असते. मेश बारीक करत जा, ताण वाढतच जातो. तो आकडा सोडून द्यायचा. कडेपासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे ताण वाचायचे, पहिल्याच्या १.६७ पटीतून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करायची. उरेल तो कडेवरचा ताण धरायचा. आपल्या पत्र्यावर ही अंतरं २.४ आणि ६ मिलिमीटर. खऱ्या ट्रॉलीवर स्ट्रेन गेज (पत्रा किती ताणला ते मोजणारी पट्टी) चिकटवायच्या खुणाही याच अंतरांवर करतात.