तेलाआधी मोजपट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस उघडला की नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर पहाटेच्या सायकली पुन्हा दिसू लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या सायकली तर भर पावसातही थांबलेल्या नसतात. या दोन्हींची या दिवसांतली तक्रार सारखीच असते: चेन करकरते आणि पेडल जड जाते. घरोघरी त्यावर तेलाची धार सोडली जाते. माझे म्हणणे असे, की तेलाच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी.

चेन सैल होते ती लोखंड ताणल्यामुळे नव्हे. चिखलातली बारीक वाळू प्रत्येक कडीच्या सांध्यात शिरून पिन झिजवते, आणि शंभराहून अधिक सांध्यांतली ही किंचित झीज एकत्र होऊन चेन लांब भरू लागते. दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. म्हणून एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरला, तर तिथून पुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर आला पाहिजे. तो अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकला असेल तर चेन बदलावी. पूर्ण सूतभर सरकला असेल, तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही बहुधा त्याच प्रमाणात झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारते, त्यामुळे खर्च दुप्पट होतो. कारखान्यात लेथवर हात बसलेल्या श्रोत्यांना सुताचे माप समजावून सांगायला नकोच.

माप ठीक निघाले, तर चेन आधी स्वच्छ करावी. जुन्या टूथब्रशला थोडे डिझेल लावून, स्वयंपाकघरापासून दूर, मोकळ्या हवेत कड्या घासाव्यात आणि फडक्याने कोरड्या कराव्यात. मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून तेल मुरू द्यावे, आणि बाहेर राहिलेले तेल निष्ठुरपणे पुसून टाकावे. तेलाची गरज सांध्याच्या आत असते. बाहेरचे तेल धूळ धरते. मोटारसायकलचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून अनेक जण वापरतात, पण त्यात आधीच धातूचा कीस असतो. खोबरेल आणि गोडेतेल काही दिवसांत चिकट होते. सर्व्हिस स्टेशनवरचा पाण्याचा जोरदार फवाराही सायकलीला नको, कारण तो चाकाच्या मध्यभागी आसाभोवती असलेल्या हबमधले ग्रीस धुऊन छर्रे उघडे पाडतो.

पंक्चर काढण्याविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी असते; ती कुजली की हवा जाते आणि आपण उगाच ट्यूब बाहेर काढतो. म्हणून आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवून बुडबुडे येतात का, ते पाहावे. छिद्र खरोखर ट्यूबमध्येच निघाले, तर टायरमधली तीच जागा आतून फडके फिरवून तपासावी, कारण बाभळीचा काटा तिथेच अडकून राहिला तर ठिगळ लावूनही उपयोग होत नाही. घासपेपरने ट्यूब खरवडून सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि तो बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत थांबावे. घरी लावलेली बहुतेक ठिगळे निघतात ती इथल्या घाईमुळे.

चाकाचा आउट, म्हणजे फिरताना रिमचे डाव्या-उजव्या बाजूला डोलणे, काढण्यासाठी एक स्टँड घरी सहज बनतो. भंगारवाल्याकडून पुढच्या चाकाचा जुना, सरळ चिमटा आणावा, तो जाड फळीवर उलटा घट्ट बसवावा आणि रिमपासून केसभर अंतरावर एक तार बांधावी. चाक फिरवताना रिम ज्या बाजूने तारेला घासेल, तिथे त्या बाजूच्या हबकडून आलेले आरे थोडे सैल आणि समोरच्या बाजूचे थोडे घट्ट करावेत. आऱ्याच्या रिमकडच्या टोकावरचे छोटे नट, म्हणजे निप्पल, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आरा आवळला जातो. हबकडून पाहणाऱ्याला दिशा उलटी वाटते, आणि नवख्यांचे चाक बहुधा इथेच बिघडते. मागचे चाक या चिमट्यात मावत नाही, त्यामुळे ते सायकल उलटी ठेवून जागेवरच तपासावे.

हबचे छर्रे बदलण्याचे काम मात्र पातळ कोन पाना नसेल तर दुकानातच द्यावे. घरी पेडल काढायचे असेल, तर जोर लावण्यापूर्वी बाजू पाहावी: उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे असतात. डावे पेडल सुटण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो, आणि परत बसवताना आट्यांना ग्रीसचे बोट फिरवले तर पुढच्या वेळी ते हातोडीशिवाय निघते.