तोगे गावातला दोर

दारावर टांगलेला हा दोर भाताच्या पेंढ्याचा आहे. तो मनगटाहून जाड आहे, ऊनपावसाने करडा पडला आहे आणि त्याची टोके पार पिंजारून गेली आहेत. जपानच्या यामागाता प्रांतात, हागुरो पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या तोगे गावात असे दोर घरोघरी दिसतात.

३१ डिसेंबरच्या रात्री पर्वतमाथ्यावर शोरेईसाई हा उत्सव होतो. त्यासाठी दोन ज्येष्ठ यामाबुशी, म्हणजे डोंगरातले तपस्वी, १०० दिवस व्रतस्थ राहतात; गावातले तरुण रोगराई आणणाऱ्या त्सुत्सुगामुशी या किड्याचे प्रतीक म्हणून पेंढ्याच्या प्रचंड मशाली बांधतात. या मशालींच्या दोरांचे तुकडे गर्दीत फेकले जातात. ज्याच्या हाती तुकडा लागतो, तो घरी नेऊन दारावर बांधतो आणि डोंगराने वर्षभर घराची राखण करावी, अशी अपेक्षा ठेवतो. पेंढा शेतातला असला, तरी देव डोंगरातलाच: हिवाळ्यात डोंगरावर राहणारा देव वसंतात शेतात उतरतो, ही जपानच्या खेड्यांतली जुनी समजूत आहे.

माथ्याकडे जाणाऱ्या वाटेला २,४४६ दगडी पायऱ्या आहेत आणि दुतर्फा उंच सुगी, म्हणजे जपानी देवदार वृक्ष आहेत. अनेक प्रवासी वाटेतल्या पाच मजली पॅगोड्याचे छायाचित्र घेऊन तिथूनच परततात. तो सुंदर आहेच, पण खरे पाहण्यासारखे आहे ते वरच्या देवळाचे दोन मीटरहून जाड गवती छप्पर. १,९८४ मीटर उंचीचा गास्सान आणि त्यापलीकडचा युदोनो हे दोन पवित्र पर्वत हिवाळ्यात बर्फाखाली जात असल्याने हागुरोसह तिन्ही पर्वतांच्या देवांची पूजा या एकाच छपराखाली होते. युदोनोच्या पवित्र स्थानी भाविक अनवाणी जातात. तिथे चित्रीकरणास मनाई आहे आणि तिथे पाहिलेले बाहेर बोलायचे नाही, असा संकेत आहे.

१८६८ साली जपानच्या मेइजी सरकारने बुद्ध आणि शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देव वेगळे करण्याचा हुकूम काढला, १८७२ मध्ये यामाबुशींच्या पंथावरच बंदी आली आणि हागुरोवरील बौद्ध मठांपैकी फार थोडे उरले.

तरीही तोगेतली शुकुबो, म्हणजे यात्रेकरूंची निवासस्थाने, अजून चालू आहेत. चुलीवर रानभाज्या शिजत आहेत, तिळाचा तोफू ताटलीत थरथरतो आहे. पांढऱ्या वस्त्रातले यजमान स्वतः यामाबुशी आहेत. अंगणात येऊन त्यांनी शंख फुंकला, तो कोनाड्यात ठेवला आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात शिरले.