पैसे अख्खे, अक्षरं अर्धी: माणसं फोन रूट का करतात

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोबाइल फोन रूट करण्याची पाच कारणे’. पाचाचा आकडा आपल्या कार्यवाहांचा. मी फोनवर ‘चार-पाच असतील’ म्हणालो होतो, त्यांनी वरचा भाव धरला. गेल्या गुरुवारी इथे मधुमेह झाला, पुढच्या गुरुवारी संतसाहित्य आहे, आणि मधे मी. तरी एवढी मंडळी आलीत, म्हणजे एकतर विषयाची गोडी आहे किंवा बाहेर पाऊस आहे.

ज्यांना रूट म्हणजे काय ते माहीत आहे ती पोरं मागे बसलीत, आणि ती माझ्या चुका काढायलाच आलीत. पुढच्या रांगांसाठी थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. तुम्ही जे ॲप टाकता त्याला लिनक्स एक स्वतंत्र वापरकर्ता मानतं, वेगळा नंबर देतं आणि एकाला दुसऱ्याच्या फायलींना हात लावू देत नाही. या सगळ्यांच्या वर शून्य नंबरचा वापरकर्ता असतो, तो रूट. त्याला कुणी अडवत नाही. दुकानातून आणलेल्या फोनमध्येही हा शून्य नंबर असतो, रात्रंदिवस काम करतो, फक्त तुम्हाला तो होता येत नाही. तशी सोय करून घेणं म्हणजे फोन रूट करणं. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा दारवान, तो उघडणं ही बहुतेक वेळा त्याआधीची पायरी, आणि रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टिमच, बदलणं हे तिसरंच काम. बातम्यांमध्ये या तिघांची जी खिचडी करतात ती बघून माझं डोकं फिरतं, पण तो विषय काढला तर पाऊण तास तिथेच जाईल.

गंमत अशी की पहिल्या अँड्रॉइड फोनवर रूट व्हायला फारसं काही करावंच लागलं नाही. २००८च्या ऑक्टोबरात अमेरिकेत टी-मोबाइलचा जी-वन आला. एचटीसीने बनवलेला, पडदा सरकवला की खालून कीबोर्ड निघायचा. त्याच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मासलेवाईक चूक राहून गेली होती. तुम्ही कुठेही काहीही टाइप करा, ती अक्षरं पडद्यामागे चालू असलेल्या रूटच्या शेललाही, म्हणजे टाइप केलेले हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामलाही, पोचायची. एका गृहस्थाने फोन बंद करून चालू केला होता. तेवढ्यात मैत्रिणीने मेसेजवर विचारलं, उत्तर का देत नव्हतास? त्याने एकच शब्द लिहिला, ‘रीबूट’. फोन पुन्हा बंद! तिला काय वाटलं असेल ते त्याच्या तक्रारीत लिहिलेलं नाही. गूगलने नोव्हेंबरात ती चूक घाईघाईने बुजवली. पण नंतर कित्येकांनी मुद्दाम जुनं, चूक असलेलं सॉफ्टवेअर फोनमध्ये परत टाकलं, तेवढ्याच वाटेने आत शिरायला.

आता माझं आवडतं कारण. यावर मी जास्त बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांनी फोन रूट केला तो मराठी वाचता यावं म्हणून. मागच्या पोरांना हे खोटं वाटेल. २०१०-११ सालचे अँड्रॉइड फोन आठवा. बहुतेकांत देवनागरीचा फॉन्टच नसायचा. मराठी पान उघडलं की वरपासून खालपर्यंत चौकोन.

माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून एक फोन घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. घेण्यामागे हेतू एवढाच की सकाळी चहाबरोबर मराठी पेपर त्यावर वाचायचा. उघडलं तर चौकोन. बाबांना आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मी म्हटलं, फॉन्ट नाही यात. ‘नाही म्हणजे? घालायला विसरले का?’ सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरचा मुलगा मराठी, खिशावर मराठी आडनावाची पट्टी, आणि त्याने आम्हाला हिंदीत सांगितलं की इस मॉडेल में सपोर्ट नहीं है. मग आवाज खाली आणून मराठीत म्हणाला, ‘काका, वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं.’ बाबा उरलेला दिवस कुणाशी बोलले नाहीत.

एक आडवाट होती, इथल्या काहींना आठवत असेल. ऑपेरा मिनीमध्ये सेटिंगचं एक गुप्त पान होतं. त्याच्या यादीत अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचा का, असा प्रश्न असायचा, त्याला हो म्हणायचं. मग ऑपेराचा सर्व्हर आपली अक्षरं चित्रं करून पाठवायचा. पेपर सुरू झाला. पण शेवटी चित्रच ते, मोठं करायला गेलं की फुटायचं. आणि एसएमएस चौकोनातच. मावशीच्या दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, तीन ओळी चौकोन आणि शेवटी उद्गारचिन्ह.

मग फोन रूट केला. सिस्टिमचा विभाग फक्त वाचण्यापुरता जोडलेला असतो, तो लिहिता येईल असा पुन्हा जोडायचा. फॉन्टच्या फोल्डरमध्ये ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ नावाची फाईल असते, ती बाजूला काढून ठेवायची. त्याच नावाने देवनागरी असलेली फाईल तिथे ठेवायची आणि तिच्या परवानग्या सहा-चार-चार करायच्या, म्हणजे ती सगळ्यांना वाचता येते. हे सहा-चार-चार करायचं विसरलं की फोन कंपनीच्या लोगोशी जो अडकतो तो अडकतोच. आमचा नीट चालू झाला. अक्षरं आली! पण कशी आली? ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी उभी असते, पण कंप्यूटर ती अक्षराच्या नंतर साठवतो. तिला उचलून जागेवर आणायचं काम अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आणि ते या फोनमध्ये नव्हतं. त्यामुळे ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी द सोडून पुढे व ला जाऊन चिकटलेली. ‘प्रकाश’मधल्या प चा पाय मोडलेला आणि र शेजारी वेगळा उभा. रफार कुठे जायचा ते रफारालाच ठाऊक. बाबांनी पाच मिनिटं वाचलं आणि म्हणाले, ‘पैसे अख्खे घेतले ना त्यांनी? मग अक्षरं अर्धी कशी?’

पण वाचत राहिले. पुढचा फोन येईपर्यंत तसलं लंगडं मराठी त्यांनी रोज वाचलं, आणि इतकी सवय झाली की नव्या फोनवर सरळ वेलांटी दिसली तेव्हा म्हणाले, आता मजा गेली. पुढे चार नंबरच्या आवृत्त्यांत देवनागरी आणि जोडाक्षरं गूगलकडूनच आली. त्याआधी आमच्यासारख्यांच्या फोनवर हे काम कंपनीने केलं नव्हतं, रात्री जागून फॉन्टच्या फायली बनवणाऱ्या आणि एकमेकांना पाठवणाऱ्या पोरांनी केलं होतं. माझा आजचा मुद्दा हाच आहे. रूट करणारा माणूस जे आज चोरवाटेने करतो, ते चार-पाच वर्षांनी कंपनी ‘नवीन सुविधा’ म्हणून सगळ्यांना देते. स्क्रीनशॉट घ्यायलासुद्धा एके काळी बऱ्याच फोनवर रूट लागायचं. ॲपला संपर्कयादी बघू द्यायची की नाही, हे ठरवायला रूट लागायचं. ती परवानगी २०१५मध्ये अँड्रॉइड सहामध्ये सगळ्यांच्या हातात आली. २०१६मध्ये जॉन वू या तरुणाने मॅजिस्क काढलं, सिस्टिमच्या विभागाला हात न लावता रूट मिळवून देणारं. आजही बहुतेक रूटकरी तेच वापरतात. २०२१मध्ये त्याला नोकरी कुणी दिली? गूगलने, अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या कामावर.

वाचनालयात बोलतोय म्हणून आणखी एक सांगतो आणि मग पुढे जातो. अमेरिकेत फोनचं कुलूप तोडणं कायद्यात बसतं का, हा वाद होता. कायदेशीर ॲप चालवण्यासाठी तोडलं तर चालेल, अशी सूट कुणी दिली? न्यायालयाने नाही, संसदेनेही नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांनी, जुलै २०१०मध्ये. तिथल्या कायद्याने दर तीन वर्षांनी अशा सवलती ठरवायचा अधिकार ग्रंथपालांना दिलाय. आपल्या ग्रंथपालबाई दारात उभ्या आहेत, त्यांनी हे टिपून घ्यावं. वर्गणी थकवणाऱ्यांच्या बाबतीत उपयोगी पडेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पाचातलं एकच झालंय, तेव्हा आता पळवतो.

दुसरं कारण, फोनबरोबर आलेली ॲप. साधा स्वस्तातला फोन चालू करा, तुम्ही न मागितलेली ॲप आधीच येऊन बसलेली असतात. काही काढता येतात, काही फक्त ‘बंद’ करता येतात, आणि काही सेटिंगमधूनच जाहिराती दाखवतात. रूट असेल तर मुळासकट उपटता येतात, आणि होस्ट्स नावाच्या एका फाईलमध्ये जाहिरातवाल्यांचे पत्ते लिहून ठेवले की पुष्कळशा जाहिराती दारातच थांबतात. ऑक्टोबर २०२२मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला, त्या आदेशात गूगलची आधीच टाकलेली ॲप काढण्यापासून लोकांना अडवू नका, असंही होतं. १३३७ या आकड्यावर मागची दोन पोरं हसली. हॅकर लोक तो ‘लीट’ असा वाचतात, म्हणजे पट्टीचा, म्हणून त्यांच्यात त्या आकड्याला मान आहे, आयोगाला बहुधा कल्पना नसावी. आणि सरकार धुतल्या तांदळाचं आहे असंही नाही. २०२५च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाका असा आदेश काढला होता. ओरड झाली, डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मागे घेतला.

तिसरं, कॉल रेकॉर्ड करणं. ज्यांनी बिल्डरशी बोलणी केली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. अँड्रॉइड नऊनंतर बाहेरच्या ॲपना ते जवळजवळ अशक्य झालं, २०२२मध्ये उरलीसुरली फटही गूगलने बुजवली. गूगलच्या स्वतःच्या डायलरमधून करायचं तर ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ अशी दवंडी आधी पिटली जाते. समोरचा बिल्डर लगेच सज्जन होतो.

चौथं, जुने फोन. फोनचा काच-पत्रा शाबूत, बॅटरी बरी, पण कंपनीने अपडेट बंद केलेले. २००९मध्ये स्टीव्ह कोंडिकने त्याच जी-वनसाठी सायनोजेनमॉड नावाची अँड्रॉइडची बाहेरची आवृत्ती काढली, २०१६च्या अखेरीस ती बंद झाली आणि लिनेजओएस या नावाने तेच काम पुढे चालू राहिलं. कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर आजही त्याच्यामुळे नवं अँड्रॉइड चढतं. याला खरं तर रूट लागत नाही, बूटलोडर उघडलं की पुरतं. पण पत्रिकेवर पाच छापलेत. आता गूगलचे पिक्सेल आणि सॅमसंगचे महागडे फोन सात वर्षं अपडेट देतात, तेव्हा हे कारणही झिजत चाललंय.

पाचवं कारण मालकीचं, आणि यासाठीच मी आज आलो होतो. मुंबईत पागडीच्या खोलीत वाढलेल्यांना लगेच कळेल. भरभक्कम रक्कम मोजायची, पिढ्या काढायच्या, आणि भिंतीत खिडकी पाडायची झाली की घरमालकाला विचारायचं. फोनचं तसंच आहे, आणि आता घरमालकाच्या जोडीला बँकाही आल्यात. माझ्या बँकेचं ॲप रूट केलेल्या फोनवर उघडतच नाही, ‘आपले उपकरण असुरक्षित आहे’ म्हणतं. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये त्याच बँकेची साइट उघडते, पैसे जातात. लॅपटॉपवर मीच सर्वाधिकारी असतो, तिथेही जातात. आणि कित्येक वर्षं सुरक्षेचं अपडेट न मिळालेला, पण कुलूप न तोडलेला फोन बहुतेक ॲपना चालतो. सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. रूट मिळालेलं एखादं भामटं ॲप दुसऱ्याच्या फायली उपसू शकतं. पण मग ती जोखीम मला सांगा, माझी सही घ्या. परस्पर दार कशाला लावता? पूर्वी मॅजिस्कमधून रूट लपवता यायचं. आता फोनच्या हार्डवेअरमधली किल्लीच सर्व्हरला सांगते की बूटलोडर उघडं आहे, तिला गप्प करणं फार अवघड झालंय. सॅमसंगच्या फोनमध्ये तर नॉक्स या त्यांच्या सुरक्षाव्यवस्थेचा एक फ्यूज असतो, बाहेरचं सॉफ्टवेअर चढवलं की तो कायमचा उडतो, मूळचं परत टाकलं तरी जुळत नाही. म्हणजे सोयी कंपन्यांनी देऊ केल्या, पण ठरवायचा अधिकार दिला नाही, उलट थोडाफार होता तोही काढून घेतला. यावर सविस्तर बोलायचं होतं, पण घंटा वाजली.

तो मागचा मुलगा मघापासून हात वर करून आहे. रूट करू का, हाच प्रश्न ना? ज्याच्यावर घरचे पैसे चालतात तो फोन करू नकोस. कपाटात पडलाय तो कर. मॉडेलचं नाव नीट बघ, एकाच नावाने दोन वेगळे फोन विकलेले असतात. काही कंपन्या बूटलोडर उघडायला दिवसचे दिवस थांबायला लावतात, काही उघडूच देत नाहीत, ते आधी तपास. उघडताना फोन आतून पूर्ण पुसला जातो, चोराच्या हाती मजकूर लागू नये म्हणून केलेली ती सोय आहे. तेव्हा फोटो आधी उतरवून घे. शनिवारी संध्याकाळी मी खालच्या वाचनकक्षात असतो, घेऊन ये, बसून करू. केबल मात्र चांगली आण, नुसतं चार्जिंग करणारी नको, तिच्यातून डेटा जात नाही.