आईच्या बारा बाटल्या

नमस्कार मंडळी. आज मी फळं टिकवण्याबद्दल बोलणार आहे, आंबा, रातांबे म्हणजे कोकमाची फळं, हे सगळं त्यात येईल, पण कृती सांगायला मी आलेली नाही, कृती तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. मला बोलायचंय ते त्या कृतीत जो आकडा येतो ना त्याबद्दल. किलोला इतकी साखर, इतक्या डिग्रीला इतके दिवस. हा आकडा येतो कुठून, आणि त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा.

सुरुवात माझ्या आईपासून करते. आई दर मे महिन्यात अमृत कोकम करते, म्हणजे रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालांच्या वाटीत साखर भरायची आणि बरणीत थर लावून ठेवायचे, आठवड्याभरात रस सुटतो तो गाळून बाटल्या भरायच्या. आणि प्रत्येक वर्षी ती मला सांगते, अगं तुझं ते प्रमाण वगैरे राहू दे, मी अंदाजाने साखर घातलेली बाटली दोन वर्षं टिकली होती. आता हे खरंच आहे, ती बाटली मी पण बघितलीय, सरबत उत्तम होतं. पण मी तिला एकदा विचारलं की आई, त्या वर्षी भरलेल्या बाकीच्या बाटल्यांचं काय झालं? तर ती जरा थांबली आणि म्हणाली, दोन फसफसल्या होत्या, एकीचं झाकणच उडालं होतं, त्या टाकून दिल्या, आणि बाकीच्या पाहुण्यांना दिल्या. म्हणजे टाकलेल्या विसरल्या, दिलेल्यांचं पुढे काय झालं माहीत नाही, आणि जी टिकली ती लक्षात राहिली. सगळ्यांचंच असं होतं, माझंही होतं, आठवणीचा तो स्वभावच आहे. म्हणून तर वही लागते.

मी या क्षेत्रात वीसेक वर्षं काम करतेय, आणि मला हे शिकायला माझं स्वतःचं एक अख्खं वर्ष घालवावं लागलं. एमएस्सीला असताना माझा विषय होता हापूसची साठवण. वेगवेगळ्या पद्धतींनी पॅक केलेले आंबे, काही नुसते क्रेटमध्ये, काही कागदात गुंडाळून, काही भाताच्या पेंढ्यात, आणि रोज वजन करायचं, किती घटलं, किती पिकले, किती नासले. मी मन लावून केलं, पहाटे उठून वजनं घ्यायचे. आणि मला वाटलं नीटनेटकं असावं, म्हणून मी एका पद्धतीच्या चारही क्रेट एकत्र ठेवल्या, पहिल्या पद्धतीच्या खिडकीपाशी, मग दुसरीच्या, आणि शेवटच्या पद्धतीच्या आतल्या कोपऱ्यात. रिझल्ट इतका सुंदर आला की मी उड्या मारत सरांकडे गेले. सरांनी तक्ता बघितला, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, कुठली क्रेट कुठे ठेवली होतीस गं?

खोलीला वर पत्रा होता. खिडकीपाशी दुपारी ऊन यायचं, आतला कोपरा गार. मी आंब्यावर पॅकिंगचा परिणाम मोजत होते असं मला वाटत होतं आणि खरं तर मी खिडकी मोजत होते, किंवा पॅकिंग मोजत होते, किंवा दोन्ही, आणि कितीही गणित केलं तरी ते आता वेगळं काढता येणार नव्हतं. आणि आंबा काय थांबत नाही. जून उजाडला होता, पुढच्या एप्रिलपर्यंत वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी सरांनी सोळा चिठ्ठ्या करायला लावल्या. चार पद्धती, प्रत्येकीच्या चार क्रेट, आणि कुठली क्रेट कुठल्या जागी जाणार ते चिठ्ठी उचलून. ह्याला आमच्या भाषेत रॅंडमायझेशन म्हणतात आणि एकाच पद्धतीच्या चार-चार क्रेट ठेवण्याला रिप्लिकेशन. शब्द जड आहेत पण गोष्ट आपल्या गावातलीच आहे, पाणीवाटपाचा वाद नको म्हणून चिठ्ठ्या टाकतो की नाही आपण, तसंच. ऊन कुणाच्यातरी वाट्याला येणारच, पण ते एकाच्याच वाट्याला येऊ नये.

ही पद्धत पक्की झाली ती इंग्लंडमध्ये रॉदमस्टेडला, तिथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतावर खतांचे प्रयोग चालू आहेत. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती तिथे आला, साठलेले आकडे समोर होते आणि त्यातून काय खरं काय योगायोग ते शोधायचं होतं. त्याची एक गोष्ट मला फार आवडते आणि ती आपल्या विषयाला अगदी लागू आहे. तिथे चहाच्या वेळी एक बाई, त्या स्वतः शेवाळाच्या अभ्यासक होत्या, म्हणाल्या की कपात दूध आधी घातलंय की चहा आधी हे मला चवीवरून कळतं. इतर लोक हसले असते आणि सोडून दिलं असतं. फिशरनं आठ कप मांडले. चारात दूध आधी, चारात चहा आधी, क्रम चिठ्ठीनं, आणि बाईंनी दूध-आधीवाले चार ओळखायचे. आठातून चार निवडायचे ७० प्रकार होतात, म्हणजे नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. आता बाईंनी सगळे ओळखले तर मानायला हरकत नाही ना? १९३५ च्या पुस्तकात त्यानं हाच प्रयोग उदाहरण म्हणून मांडला.

आम्ही सरबताची चव तपासतो तेव्हा हेच करतो. तीन ग्लास देतो, दोनात एकच सरबत आणि तिसऱ्यात वेगळं, आणि वेगळा कुठला ते सांगा म्हणतो. ग्लासावर नाव नाही, नुसता तीन आकडी नंबर, मधे चूळ भरायला पाणी. नुसत्या अंदाजानं तिघांत एक बरोबर येणारच, म्हणून बारा जणांपैकी चारपाच जणांनी ओळखलं तर आम्ही काही म्हणत नाही, आठ जणांनी ओळखलं तर मग मानतो की फरक खरंच जिभेला कळतोय. आणि आवडलं किती हे विचारायचं असेल तर एक ते नऊ मार्क, नऊ म्हणजे अतिशय आवडलं. पण हे सगळं न सांगता. ज्याला माहितीय की हे आपल्या वहिनीनं केलंय तो आठच्या खाली देणारच नाही.

हे सगळं भारतात शेतीपर्यंत आणण्यात दोन मराठी माणसांचा फार मोठा वाटा आहे आणि याचं मला खूप वाटतं, कारण आपल्याकडे त्यांची नावं फार कमी जणांना माहीत असतात. एक पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, १९११ चा जन्म, लंडनला शिकले आणि पुढे रोमला एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, संख्याशास्त्र विभागाचे डायरेक्टर झाले. दुसरे व्ही. जी. पानसे, इंदूरला कापसावर काम केलेले. दोघांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ते १९५४ मध्ये आयसीएआरनं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेनं छापलं, आणि आजही कुठल्याही कृषी विद्यापीठातला प्रबंध उघडा, संदर्भात पानसे आणि सुखात्मे सापडणारच. आम्ही मुलं तर ते एकच माणूस असल्यासारखं म्हणायचो, पानसे-सुखात्मेत बघ.

आता त्या पुस्तकातलं गणित थोडंसं, घाबरू नका, जमल्यास कागद घ्या. समजा दोन पद्धती आहेत आणि दहाव्या दिवशी क्रेटचं वजन किती टक्के घटलं ते बघतोय. पहिल्या पद्धतीच्या चार क्रेट, घट १८, ११, १५, १२. सरासरी १४. दुसरीच्या चार, १३, ९, १४, १२. सरासरी १२. दोनचा फरक, दुसरी पद्धत चांगली, बरोबर? पण पहिल्या पद्धतीच्या चार क्रेटमध्येच, सगळं एकसारखं करूनसुद्धा, ११ पासून १८ पर्यंत सातचा फरक आहे. घरातच एवढी तफावत असेल तर दोन घरांतल्या दोनच्या फरकाचं काय घेऊन बसलात. गणित केलं तर इथे सी. डी., म्हणजे किमान किती फरक पडला तर तो धरायचा, तो येतो साधारण ४.७. आपला फरक २. म्हणजे काही सांगता येत नाही. आता हेच आकडे असे घ्या, पहिलीचे १४, १५, १३, १४ आणि दुसरीचे १२, ११, १३, १२. सरासरी तीच, १४ आणि १२, फरक तोच दोनचा. पण सी. डी. आला १.४. आता फरक मोठा ठरला! नुसती सरासरी छापली असती तर हे दोन्ही प्रयोग सारखेच दिसले असते. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की ह्या औषधानं आंबा दोन टक्के कमी घटतो, तर विचारा, किती क्रेट होत्या, आणि सी. डी. किती होता. लाजू नका विचारायला.

एक मात्र आहे. हे पाच टक्क्यांचं माप असतं, म्हणजे खरा फरक नसतानाही वीसात एकदा योगायोगानं असा फरक दिसणारच. जो माणूस वीस गोष्टी करून बघतो आणि जी एक जमली तेवढीच सांगतो, तो नकळत आईच्या त्या दोन वर्षं टिकलेल्या बाटलीचीच गोष्ट सांगत असतो.

बरं, प्रयोग चांगला झाला तरी तो कुठे झाला हे बघावं लागतं. दिल्लीच्या आयएआरआयनं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विजेशिवाय चालणारा शीतकक्ष काढला, विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटर जागा, त्यात नदीची वाळू, आणि ती रोज ओली ठेवायची, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आत गार राहतं. आपल्या माठासारखंच. विदर्भ मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे उत्तम. पण आपल्याकडे मे महिन्यात किनाऱ्यावर हवेतच इतका दमटपणा असतो की वाळूतलं पाणी उडतच नाही फारसं, आणि तिकडचा आकडा इकडे तसाच मिळत नाही. ह्यात कुणाची चूक नाही, हवा वेगळी आहे. म्हणून दापोलीला, वेंगुर्ल्याला आपले प्रयोग परत करावे लागतात.

आणि हापूसची तर अजून एक भानगड आहे. आपले बागायतदार म्हणतात ना, चौदा आणे तयार आंबा काढावा, बारा आणे नको. तर थंडीत किती दिवस टिकतो हे आंबा किती आणे तयार होता त्याच्यावर अवलंबून असतं, कोवळा आंबा थंडीत लवकर बिघडतो, आणि साधारण बारा डिग्रीच्या खाली ठेवलात तर साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावर नीट पिकतच नाही. म्हणजे तापमान वेगळं तपासलं आणि तयारी वेगळी तपासली तर उत्तर अर्धवट मिळतं, दोन्ही एकत्र तपासावं लागतं, चौदा आणे या तापमानाला, चौदा आणे त्या तापमानाला, बारा आणे इकडे, बारा आणे तिकडे. फिशरनं हे पण सांगून ठेवलंय की एका वेळी एकच गोष्ट बदला हा सल्ला नेहमी बरोबर नसतो. मला हे वाक्य कळायला बरीच वर्षं लागली.

कोकमाचं पण तसंच. लिंबाच्या किंवा आंब्याच्या स्क्वॅशला केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे टिकवण्याचं रसायन घालतात आणि ते छान काम करतं, पण कोकमाला घातलंत तर तो जो लाल रंग आहे ज्याच्यासाठी आपण कोकम पितो तोच फिका पडतो. म्हणून रंगीत फळांना सोडियम बेंझोएट वापरतात, तेसुद्धा ठरलेल्या मर्यादेत, किलोला ६०० मिलिग्रॅम बेंझोइक ॲसिडच्या पुढे नाही, आणि हे घरच्या काट्यावर मोजण्यासारखं नाहीच, कृपा करून चिमूटभर म्हणून घालू नका.

तर आईकडे परत येते. गेल्या मे महिन्यात मी तिला म्हटलं, आपण भांडण मिटवू. चार दिवस चार वेगवेगळे घाणे झाले, कारण रातांबे एकाच दिवशी सगळे पिकत नाहीत. प्रत्येक घाण्याचे तीन वाटे. एका वाट्याला सालांच्या बरोबरीनं साखर, दुसऱ्याला दीडपट, तिसऱ्याला दुप्पट. कुठल्या वाट्याला काय ते शेजारच्या छोट्यानं चिठ्ठी उचलून ठरवलं, त्याला मज्जाच वाटली. चार त्रिक बारा बाटल्या, सगळ्या एकसारख्या उकळून वाळवलेल्या, एकाच फडताळात, आणि वर नुसता नंबर, एक ते बारा. यादी माझ्याकडे, आईकडे नाही. घाणा वेगळा तर रातांबा वेगळा, एखादा जास्त पिकलेला, एखादा पावसाचा शिपकारा बसलेला, पण प्रत्येक घाण्यात तिन्ही प्रमाणं असल्यामुळे तो फरक नंतर बाजूला काढता येतो, ह्याला ब्लॉक म्हणतात.

आई दर पंधरा दिवसांनी बाटल्या बघते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, तिच्या अक्षरात. जुलैमध्ये लिहिलंय, तीन नंबर बुडबुडे. ऑगस्टमध्ये, आठ नंबर झाकण फुगलं, वास आंबूस. टाकून दिलेल्या बाटल्यांवर तिनं फुली मारलीय पण नंबर खोडला नाही, ते मी न सांगता तिनं केलं. एक दिवस फोन करून म्हणाली, अगं तीन आणि आठ ह्या कमी साखरेच्या आहेत ना? मी म्हटलं आई, मी सांगणार नाही, वर्ष पुरं होऊ दे. रागावली थोडी.

वर्ष येत्या रविवारी पुरं होतंय. सात बाटल्या अजून फडताळात आहेत, मी शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघतेय, आणि यादी माझ्या पर्समध्ये आहे. शेजारपाजारचे बारा जण चव घ्यायला यायचे आहेत आणि आईनं ग्लासांवर चिकटवायचे कागद आधीच कापून ठेवलेत.

नमस्कार.