हजार मीटर फायबर, थरामागे दीड थेंब गोंद

[पडद्यावर: काळ्या कापडावर एक पिवळट कडं. शेजारी मोजपट्टी.]

बांगडीपेक्षा थोडं मोठं, व्यास १०० मिलिमीटर. रुंदी १७ मिलिमीटर, जाडी पाचाच्या आत. एवढ्यात हजार मीटर ऑप्टिकल फायबर बसलंय: ३२ थर, दर थराला १०० वेढे. आत रीळ नाही की चौकट नाही. वेढ्याला वेढा धरून ठेवतो तो फक्त गोंद.

ही फायबर ऑप्टिक जायरोची, म्हणजे प्रकाशाच्या मदतीनं फिरणं मोजणाऱ्या उपकरणाची कॉइल. प्रकाशाचे दोन भाग करून ते हिच्या दोन टोकांतून एकाच वेळी सोडायचे. कॉइल स्थिर असेल तर दोन्ही बरोबरीनं परततात; फिरत असेल तर एक किंचित मागे पडतो. हा परिणाम साग्नाकनं १९१३ मध्ये दाखवला आणि १९७६ मध्ये वाली आणि शॉर्टहिल यांनी तो फायबरच्या वेटोळ्यात मोजला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात, या आकाराच्या कॉइलमध्ये, त्यामुळे दोन प्रकाशलहरींच्या कलेत पडणारा फरक रेडियनचा दहाहजारावा भाग असतो. विमानाच्या दिशादर्शनाला तासाला ०.०१ अंशापर्यंत अचूक जायरो लागतो, म्हणजे याच्याही दीडहजाराव्या भागाचा हिशेब.

इतक्या बारकाईत खरा शत्रू ऊब. फायबर एखाद्या जागी तापलं, तर त्या जागेवरून एक प्रकाश आधी जातो आणि दुसरा नंतर. टोकाजवळ हे अंतर जवळजवळ ५ मायक्रोसेकंदांचं. मधल्या काळात तापमान सरकलेलं असतं. मग जायरो जागचा हलत नाही, पण आकडे म्हणतात तो फिरतोय. १९८० मध्ये शूपनं हे मांडलं. तोडगा सांगायला सोपा: मध्यापासून सारख्या अंतरावरचे फायबरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे दोघांना ऊब सारखीच लागेल.

[पडद्यावर: वाइंडिंग यंत्र. दोन बाजूंना दोन छोटी रिळं.]

म्हणून कॉइल टोकापासून गुंडाळतच नाहीत. हजार मीटर फायबर आधी दोन रिळांवर अर्धं-अर्धं घेतात, नेमका मध्य साच्यावर डावीकडे टेकवतात आणि दोन्ही बाजूंनी बाहेर येत जातात. पहिला थर अ रिळाचा. दुसरा-तिसरा ब रिळाचा, चौथा पुन्हा अ चा. अ-ब-ब-अ, चार थरांचा एक गट. फ्रिगोनं १९८३ मध्ये सुचवलेली ही क्वाड्रुपोल पद्धत. एक रीळ फायबर सोडत असताना दुसरं साच्याबरोबर गोल फिरत राहतं, नाहीतर त्याचं फायबर पीळ खाईल. ३२ थरांत अशी रिळांची अदलाबदल १६ वेळा होते. हातानं करायचं झालं तर कसबी माणसालाही कित्येक दिवस लागतात, आणि सोळाव्या अदलाबदलीला डोळे पहिल्याइतके ताजे नसतात. यंत्र आणण्याचं आमच्या मते खरं कारण हेच, वेग नव्हे.

पहिल्या थरावर बाकीचे एकतीस उभे राहतात. फायबरची काच ८० मायक्रॉन, आवरणासकट १७० मायक्रॉन. वेढ्यामागे एका मायक्रॉनची चूक शंभराव्या वेढ्याला १०० मायक्रॉन होते, म्हणजे अर्ध्या फायबरहून जास्त. म्हणून यंत्रात आकडा भरताना डेटाशीटवरचा व्यास धरत नाहीत. हातात आलेल्या रिळाचं आवरण मोजतात आणि एक-दोन मायक्रॉनची मोकळीक ठेवतात.

ताण दहा-पंधरा ग्रॅमचा. हे फायबर साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या ओढीला तपासून आलेलं असतं, तेव्हा तुटायची भीती नाही. भीती ताण कमी-जास्त होण्याची. ढिला वेढा वर चढतो, घट्ट वेढा खालच्या दोघांना फाकवून मध्ये घुसतो. हलक्या दांड्यावरची पुली, म्हणजे डान्सर, झटके शोषून घेते आणि ताण मोजणारा लोड सेल रिळाच्या मोटरला सावरतो.

[पडद्यावर, अगदी जवळून: साच्याची उजवी कड. एक फायबर तीन थर ओलांडून वर चढतंय.]

इथे जरा थांबूया. अ चा पहिला थर उजवीकडे संपला. ब चे दोन थर त्याच्यावरून गेले आणि परत आले. आता अ ला चौथा थर सुरू करायचाय, म्हणून ते कडेच्या भिंतीला लागून तीन थर एकदम चढतं. याच जागी ते चिमटतं, याच जागी शेजारचा वेढा सरकतो. उलट दिशेनं येणाऱ्या थराचीही अडचण आहे: त्याला खालच्या खाचेतच राहता येत नाही, दर फेरीत एकदा उंचवटा ओलांडावा लागतो. या उड्या यंत्र एका ठरावीक कमानीत एकाखाली एक बसवतं. त्या विखुरल्या, तर प्रत्येक उडीला फायबरला बारीक बाक पडतो आणि एका ध्रुवण-अक्षातला (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या एका ठरावीक दिशेतला) प्रकाश दुसऱ्यात सांडतो.

कॅमेरा तिरप्या उजेडात शेवटचे चार-पाच वेढे पाहत असतो. फट दिसली की यंत्र थांबतं, तोच ताण ठेवून उलटं फिरतं आणि चुकलेला वेढा सोडवतं. गोंद कोरडा झाला नसेल तरच हे जमतं.

आता गोंदाकडे. षटकोनी रचनेत नीट बसलेल्या फायबरांमध्ये मोकळी जागा उरते ती नऊ टक्क्यांच्या आसपास. या कॉइलसाठी ती सव्वादोन-अडीच मिलिलीटर, थरामागे जेमतेम दीड थेंब. त्याहून जास्त गोंद पडला की पुढचा थर त्यावर तरंगतो आणि खाच सोडतो. कमी पडला की पोकळी राहते. पोकळीत ऊब अडते, म्हणजे ज्या जुळणीसाठी इतका खटाटोप केला ती तिथे मोडते.

गोंद बहुधा अतिनील किरणांत घट्ट होणारा अ‍ॅक्रिलेट. वापरण्याआधी तो निर्वातात ठेवून हवा काढतात. सगळं गुंडाळून झाल्यावर दिवा लावून भागत नाही, कारण आतल्या थरांपर्यंत किरण पोचत नाहीत. म्हणून दर थराला अर्धवट घट्ट करायचं आणि शेवटी भट्टीत पूर्ण. तिथेही मोह आवरावा लागतो: थर पूर्ण कडक केला, तर वर राहिलेली गोंदाची पुटकुळीही कडक होते आणि पुढच्या वेढ्याला ती खड्यासारखी लागते. हवेतला ऑक्सिजन अ‍ॅक्रिलेटचा पृष्ठभाग चिकट ठेवतो. तो चिकटपणा इथे उपयोगीच पडतो. भट्टीतही साचा हळूहळू फिरता ठेवतात. थांबला तर पातळ झालेला गोंद खाली ओघळतो आणि कॉइलची खालची बाजू जड होते.

कोणता गोंद, हा खरा वादाचा मुद्दा. मऊ घेतला तर कंपनात वेढे हलतात. कडक घेतला तर थंडीत तो आकसून फायबर आवळतो. त्याचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक आणि वर मऊ होतो ते, जायरोच्या वापराच्या पट्ट्यात आलं, तर त्या अंशावर आउटपुटमध्ये पायरी दिसते आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती नीट झाकत नाही. आमचं मत: आधी फायबरचं आवरण पाहा, मग त्याला जुळणारा गोंद शोधा.

[पडद्यावर: साचा मोकळा होतो. कडं अलगद सुटतं.]

साचा अ‍ॅल्युमिनियमचा; तो आतून तुकड्यांनी मिटतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर काचेच्या चाळीसपट पसरतं, म्हणून कॉइल त्यावर कायमची ठेवत नाहीत.

मग तापकक्ष. तापमान ठरलेल्या गतीनं चढवतात, उतरवतात आणि आउटपुट पाहतात. आउटपुट तापमान बदलण्याच्या वेगाबरोबर सरकत असेल, तर मध्य खऱ्या मध्यावर नाही. त्यासाठीच दोन्ही टोकांना काही मीटर फायबर जादा ठेवलेलं असतं. एका टोकाचं थोडं कापायचं, पुन्हा तपासायचं.

शेवटी दोन्ही टोकं प्रकाशाचे दोन भाग करणाऱ्या चिपकडे जातात. ती सारख्या लांबीची हवीत, चिपपर्यंत एकमेकांना लागून, एकाच गोंदाखाली. इथे घाईत एक टोक गरम सर्किटजवळून वळवलं, की आतले बत्तीस थर कितीही चोख असोत, आकडे सरकायला ती शेवटची वीतभर लांबी पुरते.