पास किती मार्कांना?

नमस्कार, शेतकरी मंडळी.

तरुण पोरांसाठी ट्रॅक्टर आणि फवारणीचं शिबिर झालं की शेवटी वीस प्रश्नांचा पेपर घेतात. पास किती मार्कांना? कुणीतरी म्हणतं, दहावीला पस्तीस आहेत, तेवढेच ठेवा. दुसरा म्हणतो, लर्निंग लायसन्सला ६० टक्के लागतात, तसं करा. पण तासगावच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्याला काय यायला हवं, हे त्या आकड्यांवरून कसं कळणार? पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरमागचं यंत्र फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. गळ्यातल्या टॉवेलचं टोक त्यात गुंतलं तर ओरडायलाही सवड मिळत नाही.

विल्यम अँगॉफ या अमेरिकी तज्ज्ञाच्या १९७१ च्या लेखनातून एक रीत पुढे आली. ती आपल्याला चालण्यासारखी आहे. आठ-दहा जाणती माणसं बसवा. बागायतदार, ट्रॅक्टर मिस्त्री, कृषी विज्ञान केंद्रातले कुणी, एखादा डॉक्टर. प्रत्येक प्रश्नाला विचारायचं : जेमतेम काम सोपवता येईल अशी शंभर पोरं धरा, त्यातली किती जण बरोबर सांगतील? आता हा प्रश्न घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावली, संध्याकाळी दारू चालेल का? (उत्तर : नाही.) बागायतदार म्हणेल नव्वद, डॉक्टर म्हणेल साठ. मग दोघांनी बोलायचं, आपापला आकडा पुन्हा तपासायचा. प्रत्येक प्रश्नाच्या आकड्यांची सरासरी काढायची, वीसही प्रश्नांची बेरीज करायची आणि तिला शंभरानं भागायचं. समजा १४ आले, तर पास १४ ला.

एवढ्यावर मात्र भागत नाही. १७ मार्क मिळवलेल्या पोराचा पीटीओचाच प्रश्न चुकला असेल तर? जिवावर बेतणारे चार-पाच प्रश्न वेगळे काढा, ते सगळे आलेच पाहिजेत. या बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही.

उलट, पेपरची भाषा पुस्तकी असली की काम हातात बसलेलं पोरगं उगाच नापास होतं. त्याला तोंडी विचारा. औषधाचे दोन डबे समोर ठेवा, एकावर लाल त्रिकोण, एकावर हिरवा. जास्त जहाल कुठलं ते बोट ठेवून दाखवू दे.

आणि पासचा आकडा पेपरच्या आधी जाहीर करा. निकाल लागल्यावर कुणाचा तरी पुतण्या एका मार्कानं राहिलेला असतोच!

राहिलेल्यांना चुकलेलं पुन्हा शिकवून आठवड्याभरात परत बसवा. तोवर ट्रॅक्टरची चावी घरच्यांनी स्वतःजवळच ठेवावी. नमस्कार.