दोन कोटी कोंबड्या आणि एक नदी

[दृश्य: नदीचं रुंद वळण, दोन्ही काठांना कुरणं]

ही वाय नदी. वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरावर उगम पावते आणि सुमारे २५० किलोमीटर वाहत जाऊन सेव्हर्नच्या खाडीला मिळते. काही अंतर तीच वेल्स आणि इंग्लंडची हद्द आहे. काठावर एकही महानगर नाही. इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यातली कुरणं, सफरचंदाच्या बागा, लहान लहान गावं. तरीही २०२० च्या उन्हाळ्यात या नदीचं पाणी मैलोन् मैल हिरवं झालं, इतकं की तळ दिसेना.

[दृश्य: पाण्याखाली डुलणारी वनस्पती, वर पांढरी फुलं]

वॉटर क्रोफूट ही या नदीची खास पाणवनस्पती. प्रवाहात तिच्या लांब हिरव्या जटा डुलत असतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्यावर पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. तिच्यात पाणकिडे वाढतात, माशांची पिल्लं लपतात, हंस तिच्यावर चरतात. पाण्यात शेवाळ माजलं की तिला ऊन मिळत नाही, पानांवर चिकट थर बसतो आणि ती मरते. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, मग माशांची तगमग. नदीच्या मोठ्या पट्ट्यांतून ही वनस्पती आता गेलेली आहे. २०२३ मध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने नदीची अवस्था ‘प्रतिकूल आणि खालावत चाललेली’ असल्याचं नोंदवलं. सामन माशांची घटलेली संख्या हे त्यामागचं आणखी एक कारण.

शेवाळाला खाद्य पुरवलं कुणी?

[दृश्य: लांबलचक शेड, आत पांढऱ्या कोंबड्या]

वायच्या खोऱ्यात एका वेळी सुमारे दोन कोटी कोंबड्या असतात. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, पाच-सहा आठवड्यांनी तयार पक्षी उचलून नेते. शेड, वीज, मजुरी शेतकऱ्याची. नाशिक-पुण्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना ही कंत्राटी पद्धत वेगळी सांगायला नको. बॅच गेली की शेडमध्ये उरतं कोंबडखत, आणि ते आसपासच्या रानात पसरलं जातं.

कोंबडखत वाईट नाही, उलट जोरदार खत आहे. पण धान्यातला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही, तो विष्ठेतून बाहेर पडतो. नत्राचा हिशोब धरून खत टाकलं, तर फॉस्फरस पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पडतो. शिवाय खाद्यातलं सोयाबीन दक्षिण अमेरिकेतून येतं. म्हणजे तिकडच्या मातीतला फॉस्फरस जहाजाने या खोऱ्यात येतो आणि मांस बाहेर गेलं तरी त्यातला मोठा भाग इथेच राहतो. लँकेस्टर विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी २०२२ मध्ये हा ताळेबंद मांडला: दरवर्षी सुमारे ३,००० टन फॉस्फरस शिल्लक. तो धरून ठेवण्यात इथली माती कमजोर. जोराचा पाऊस झाला की गाळाबरोबर तो ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. शेवाळाचं खाद्य ते हेच.

सांडपाणी केंद्रांचाही वाटा आहेच, तो लपवण्याचं कारण नाही. पण गावातल्या सांडपाण्यावर कोट्यवधी खर्च करायचे आणि शेतातल्या साठ्याकडे पाहायचंच नाही, याने नदी सुधारणार नाही.

[दृश्य: पुलावर दोरी सोडणारे हात]

हे उघड झालं ते काठावरच्या लोकांमुळे. शिक्षक, निवृत्त मंडळी, मासेमारी करणारे. पुलावरून बादली सोडायची, नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात पूड टाकून हलवायचं. फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं पाण्यातलं रूप, असेल तर पाणी निळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. आकडा, जागा, तारीख वहीत. शेकडो स्वयंसेवकांनी चिकाटीने केलेल्या या नोंदींमुळेच नदीचं दुखणं टाळता येईना.

मधल्या काळात सोसलं भलत्यांनीच. वायची उपनदी लग, तिच्या खोऱ्यात २०१९ पासून नव्या घरांची परवानगी अडकली, कारण घरांच्या सांडपाण्यामुळे फॉस्फेटचा भार वाढला असता. लस्टन गावाजवळ सांडपाणी गाळण्यासाठी पाणथळ जागा तयार करावी लागली, तेव्हा कुठे काही घरांचा मार्ग मोकळा झाला.

२०२४ पासून मुख्य कंपनीने आपल्या फार्मांवरचं खत खोऱ्याबाहेर पाठवायला सुरुवात केली. पाऊल चांगलं आहे, पण बाहेर म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी नदीच्या खोऱ्यात. २०२५ मध्ये चार हजारांहून अधिक लोक कोंबडी उत्पादक आणि एका पाणी कंपनीविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात हेरफर्डशायर परिषदेचा नियम टिकला: नवं शेड हवं असेल तर त्यातून निघणाऱ्या खताचं काय करणार, हे अर्जातच दाखवा.

या नियमाची आपल्यालाही गरज आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पोल्ट्री फार्म नदी, तलाव, कालव्यापासून १०० मीटर दूर असावा. त्याने शेडची जागा ठरते. पण वायची नासाडी शेडच्या जागेमुळे झाली नाही, ती वर्षानुवर्षं जिथे खत ओतलं गेलं त्या शेतांतून झाली. परवाना देताना ग्रामपंचायतीने आणि मंडळाने ते खत कुणाच्या रानात, किती आणि कोणत्या माती परीक्षणाच्या आधारावर जाणार, हे लेखी मागावं. आणि त्याची वाहतूक, साठवण, परीक्षण यांचा खर्च शेतकऱ्याच्या नव्हे, पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या नावावर लिहावा.